चिलेट वापरण्यापूर्वी : उसावरच्या केवड्यापासून रक्तातल्या शिशापर्यंत

कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. ताकातले लॅक्टिक आम्ल भांड्यातल्या तांब्याला धरून ते ताकात घेऊन येते, आणि चिंचेतले टार्टारिक आम्ल देवाची तांब्याची भांडी लख्ख करते तेही याच पद्धतीने. धातूच्या अणूला एकाच वेळी दोन किंवा अधिक बाजूंनी पकडणाऱ्या अशा पदार्थांना चिलेटिंग घटक म्हणतात, आणि पकडलेल्या धातूसह त्यांचे जे संयुग होते त्याला चिलेट. खेकड्याच्या नांगीसाठी ग्रीक भाषेत जो शब्द आहे त्यावरून मॉर्गन आणि ड्र्यू या दोन रसायनशास्त्रज्ञांनी १९२० साली हे नाव सुचवले.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात हा शब्द आज दोन ठिकाणी भेटतो. एक म्हणजे खतांच्या दुकानातल्या पाकिटांवर, आणि दुसरे म्हणजे ‘बायपासशिवाय ब्लॉकेज घालवा’ अशा जाहिरातींत. दोन्हीकडे तो सारख्याच भारदस्तपणे वापरला जातो आणि दोन्हीकडे घेणाऱ्याला त्याचा अर्थ क्वचितच सांगितला जातो. नांगीने कोणता धातू पकडावा हे आपल्या इच्छेवर ठरत नाही, तर भोवतीच्या परिस्थितीवर ठरते, एवढी एक गोष्ट धरून ठेवली तर पुढची सारी पथ्ये समजायला सोपी जातात.

पकड कशावर बसते

सर्वांत प्रचलित चिलेटिंग घटक म्हणजे ईडीटीए. त्याचे पहिले पेटंट जर्मनीत १९३५ च्या सुमारास फर्डिनांड म्युन्झ यांनी घेतले. हा रेणू धातूला सहा ठिकाणी धरू शकतो. त्याच्या पकडीची ताकद मोजण्याचा जो अंक आहे तो कॅल्शियमसाठी सुमारे १०.७, जस्तासाठी १६.५, शिशासाठी १८, तांब्यासाठी १८.८ आणि फेरिक लोहासाठी २५ इतका येतो. या मापात एका अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक, त्यामुळे कॅल्शियमपेक्षा जस्तावरची पकड लाखो पटींनी घट्ट आहे. तरीही चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियमची गर्दी इतकी असते, आणि सामू, म्हणजे पीएच, चढला की लोहाची गंजासारखी न विरघळणारी संयुगे होण्याची ओढ इतकी वाढते, की कागदावर सर्वांत घट्ट दिसणारी लोहाची पकडही प्रत्यक्षात सुटते. म्हणून नुसता ताकदीचा अंक पाहून खत निवडता येत नाही.

आधी जमिनीचा सामू, मग पाकीट

अथणी, रायबाग आणि चिकोडी तालुक्यांतल्या कृष्णाकाठच्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनी आणि खानापूरकडच्या जास्त पावसाच्या तांबड्या, जांभ्या जमिनी यांना एकच शिफारस लागू पडत नाही. पहिल्या प्रकारात सामू आठच्या आसपास किंवा वर जातो आणि लोह-जस्त जमिनीत असूनही मुळांना मिळत नाही. दुसऱ्या प्रकारात जमीन आम्ल असते आणि भाताच्या साचलेल्या पाण्यात लोह उलट गरजेपेक्षा जास्त विरघळते. खानापूरच्या भाताला कोणी लोहाचे चिलेट सुचवले तर ते पैसे वाया घालवणे आहे, आणि कधीकधी पिकाला अपायही आहे. त्या भाताला कमतरता पडली तर ती बहुधा जस्ताची पडते. लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांत जुन्या पानांवर गंजासारखे तपकिरी ठिपके येतात आणि रोपे खुरटतात. या खैरा रोगाचे कारण जस्ताची कमतरता आहे हे वनस्पतिरोगतज्ज्ञ वाय. एल. नेने यांनी १९६६ मध्ये पंतनगर येथे दाखवून दिले.

माती परीक्षण कर्नाटक कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रामार्फत करून घेता येते. आपल्या भागात त्याची पत्रिका कन्नडमध्ये येत असल्यामुळे काही शब्द माहीत असलेले बरे. ‘रससार’ म्हणजे सामू, ‘सतु’ म्हणजे जस्त आणि ‘कब्बिण’ म्हणजे लोह. ‘कब्बु’ म्हणजे मात्र ऊस, आणि या दोन शब्दांतल्या एका अक्षराच्या फरकाने गोंधळ झालेला मी पाहिला आहे. सूक्ष्म अन्नद्रव्ये मोजण्याची जी डीटीपीए पद्धत आहे, तिच्यातही मातीतले जस्त आणि लोह बाहेर काढण्यासाठी चिलेटिंग घटकच वापरतात; लिंडसे आणि नॉर्वेल यांनी ती १९७८ मध्ये मांडली. या पद्धतीने जस्त ०.६ पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ०.६ भाग) कमी किंवा लोह ४.५ पीपीएमपेक्षा कमी आले तर जमिनीत कमतरता आहे असे सर्वसाधारणपणे धरतात.

पानांवरून ओळखताना एक खूण उपयोगी पडते. लोह झाडात जुन्या पानांतून नव्या पानांत सरकत नाही, म्हणून लोहाची कमतरता कोवळ्या पानांत आधी दिसते. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, पुढे सारे पानच पांढुरके, यालाच आपण ऊस केवडा पडला म्हणतो आणि तो खोडव्यात विशेष दिसतो. पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून सुरू झाला असेल तर तो बहुधा नत्राचा प्रश्न असतो आणि तेथे चिलेटचे काम नाही.

कोणते चिलेट कोठे

लोहाचे ईडीटीए साधारण सहा-साडेसहा सामूपर्यंत टिकते, डीटीपीए या दुसऱ्या घटकाचे सात-साडेसातपर्यंत, आणि ईडीडीएचए या तिसऱ्याचे नऊपर्यंतही तग धरते. याचा व्यवहारातला अर्थ असा की काळ्या चुनखडीच्या रानात ठिबकमधून किंवा आळवणीने लोहाचे ईडीटीए देण्यात अर्थ नाही, कारण मातीत गेल्यावर लोह सुटून गंजासारखे बसते आणि मोकळा झालेला ईडीटीए कॅल्शियमला धरतो. ते पानांवर फवारण्यासाठी चालते. जमिनीतूनच द्यायचे असेल तर ईडीडीएचए घ्यावे. त्यात लोह साधारण सहा टक्केच असते, ते महाग असते, आणि पाण्यात टाकताच द्राक्षरसासारखा गडद लाल रंग येतो. त्याच्या पाकिटावर ऑर्थो-ऑर्थो प्रकाराचे प्रमाण लिहिलेले असेल तर ते पाहावे, कारण उंच सामूच्या जमिनीत प्रत्यक्ष काम तोच भाग करतो.

हे मी पुस्तकातून आधी शिकलो असतो तर बरे झाले असते. चिकोडी तालुक्यातल्या आमच्या खोडव्याला एका दुकानातून सुचवलेले लोहाचे ईडीटीए मी ठिबकमधून दोनदा सोडले आणि पाने होती तशीच राहिली. दुकानदाराने सामू विचारला नाही हे खरे, पण पत्रिका घरात असताना मी ती उघडून पाहिली नव्हती हेही तितकेच खरे. पुढे रानाच्या खालच्या अंगाची चर मोकळी केली, पाण्याच्या पाळ्या लांबवल्या आणि फेरस सल्फेटच्या दोन फवारण्या घेतल्या, तेव्हा नवी पाने हिरवी आली. काळ्या रानात पाणी तुंबले की जमिनीत बायकार्बोनेट वाढते आणि लोह मुळांना आणखीच दुरावते. म्हणून केवडा दिसताच पाकीट शोधण्याआधी निचरा पाहावा, असे माझे मत आहे.

स्वस्त पर्याय कमी लेखू नयेत. झिंक सल्फेट एकरी १० किलो दिले तर २१ टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे २ किलो १०० ग्रॅम जस्त जमिनीला मिळते, तर १२ टक्क्यांच्या चिलेटेड झिंकच्या २०० ग्रॅम फवाऱ्यातून केवळ २४ ग्रॅम. फवाऱ्यातले २४ ग्रॅम थेट पानाला मिळतात आणि उभ्या पिकाची तातडीची गरज भागवतात, पण जमिनीतली तूट त्याने भरून निघत नाही. सल्फेट शेणखतात साधारण एकास दहा या प्रमाणात मिसळून आठवडाभर मुरवून द्यावे. कुजलेल्या खतातली ह्युमिक आणि फुल्विक आम्ले धातूला धरून ठेवतात, म्हणजे हेही घरचे चिलेशनच आहे. ऊस, ज्वारी, भात ही गवताच्या कुळातली पिके तर लोहाची वाण पडली की मुळांतून स्वतःच चिलेटिंग पदार्थ सोडतात.

पाकीट वाचणे आणि तपासणे

खत नियंत्रण आदेश, १९८५ नुसार ईडीटीएच्या रूपातल्या चिलेटेड झिंकमध्ये जस्त आणि चिलेटेड आयर्नमध्ये लोह वजनाने किमान १२ टक्के असावे लागते. पाकिटावर धातूचे नाव, चिलेटचा प्रकार, टक्केवारी, बॅच क्रमांक आणि निर्मात्याचा पत्ता पाहावा. नुसतेच ‘चिलेटेड मायक्रोन्यूट्रियंट’ असे मोठ्या अक्षरांत छापून प्रकार लिहिलेला नसेल तर ते पाकीट घेऊ नये, आणि पक्के बिल घेतल्याशिवाय तर कोणतेच घेऊ नये.

चिलेटच्या नावाखाली साधे झिंक सल्फेट विकले जात असल्याची शंका आली तर घरी एक चाचणी करता येते. काचेच्या पेल्यात पावसाचे किंवा आरओचे पाणी घेऊन त्यात चमचाभर पावडर विरघळवावी आणि दुसऱ्या पेल्यात विरघळवलेला धुण्याचा सोडा थोडा थोडा तीत घालावा. सल्फेट असेल तर पांढरा साका लगेच तयार होतो. जस्त खरोखर ईडीटीएच्या पकडीत असेल तर पाणी स्वच्छ राहते. बोअरचे पाणी येथे वापरू नये, कारण त्यातला कॅल्शियमच सोड्याबरोबर साका करतो आणि निष्कर्ष चुकतो. ही चाचणी टक्केवारी सांगत नाही. ती हवी असेल तर नमुना प्रयोगशाळेतच द्यावा लागतो.

द्रावण आणि फवारणी

चिलेटेड झिंक किंवा लोह लिटरला अर्धा ते एक ग्रॅम हे नेहमीचे प्रमाण आहे. लेबलवर त्याहून कमी लिहिले असेल तर लेबल पाळावे. प्लॅस्टिकची बादली वापरावी. जस्ताचा मुलामा दिलेल्या किंवा लोखंडी बादलीत चिलेट बादलीचाच धातू उचलते. फेरस सल्फेटचा फवारा घ्यायचा असेल तर आधी लिटरला एक ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवावे आणि मग पाच ग्रॅम फेरस सल्फेट घालावे. लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, हे स्वतः सौम्य चिलेटिंग घटक आहे. ते लोहाला फिकट हिरव्या, पानाला घेता येईल अशा अवस्थेत ठेवते. द्रावण तांबूस गढूळ झाले असेल तर ते ओतून नव्याने करावे. ऊन उतरल्यावर किंवा सकाळी, वारा नसताना फवारावे आणि दहा ते पंधरा दिवसांनी पुन्हा घ्यावे. पहिल्या वेळी चार सरी तशाच सोडून बाकीच्या फवाराव्यात, म्हणजे आठ दिवसांनी फरक औषधाचा की पावसाचा हे डोळ्यांनी ठरवता येते.

येलूर-कडोलीकडे भाजीपाला आणि बटाट्यावर एकाच टाकीत बुरशीनाशक आणि सूक्ष्म अन्नद्रव्य मिसळण्याची घाई होते. तांब्याच्या बुरशीनाशकाबरोबर जस्ताचे चिलेट कधीही मिसळू नये. ईडीटीएची तांब्यावरची पकड जस्तापेक्षा घट्ट असल्यामुळे ते जस्त सोडून तांबे उचलते; जे तांबे न विरघळता पानावर बसून राहायचे ते विरघळते आणि पाने करपतात. तसेच तीव्र आम्लाच्या टाकीत चिलेट टाकू नये, कारण फार आम्ल द्रावणात पकड सुटते. लोहाच्या ईडीटीएचे द्रावण पारदर्शक कॅनमध्ये उन्हात ठेवल्यास प्रकाशाने ते मोडते, म्हणून पाकीट आणि द्रावण दोन्ही सावलीत, मुलांच्या आणि जनावरांच्या आवाक्याबाहेर असावे. फवारताना नाक-तोंड झाकावे.

एक धोका रानाच्या पलीकडचा आहे. ईडीटीए मातीत आणि पाण्यात लवकर विघटित होत नाही, आणि मोकळा राहिलेला ईडीटीए गाळात चिकटून बसलेले शिसे किंवा कॅडमियम सोडवून पाण्याबरोबर खाली नेऊ शकतो. शहराचे सांडपाणी वाहणाऱ्या बळ्ळारी नाल्यासारख्या ओढ्यांकाठच्या शेतांत, जेथे मातीत काय साठले आहे हे तपासल्याशिवाय कळत नाही, तेथे चिलेट जमिनीतून देण्याऐवजी पानांवर फवारावे आणि तेही मोजके.

शरीरातले चिलेशन

रक्त तपासणीच्या जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए असते. ते रक्तातला कॅल्शियम पकडते, त्यामुळे रक्त गोठत नाही. नळीत जी सोय आहे तीच शिरेतून दिल्यास घात ठरू शकते, कारण हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला तोच कॅल्शियम लागतो. म्हणूनच औषधात ईडीटीएचे दोन वेगळे क्षार आहेत. कॅल्शियम डायसोडियम ईडीटीएची नांगी आधीच कॅल्शियमने भरलेली असते. शिसे भेटल्यावर ती कॅल्शियम सोडून शिसे धरते. डायसोडियम ईडीटीएची नांगी कॅल्शियमपुरती रिकामी असते आणि ती रक्तातला कॅल्शियमच उचलते. अमेरिकेत २००३ ते २००५ या काळात चिलेशननंतर रक्तातला कॅल्शियम घसरून तिघे दगावले आणि त्यांत दोन मुले होती. नावातल्या एका शब्दाचा हा फरक आहे.

बेळगावात उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांपासून बॅटरी दुरुस्तीच्या दुकानांपर्यंत आणि जुना रंग खरवडणाऱ्या रंगाऱ्यांपर्यंत अनेकांचा शिशाशी संबंध येऊ शकतो. पोटात कळा, बद्धकोष्ठ, अशक्तपणा, हातापायांत दुबळेपणा अशी लक्षणे असतील आणि काम अशा ठिकाणचे असेल, तर डॉक्टरांना कामाचे स्वरूप आपण होऊन सांगावे आणि रक्तातले शिसे मोजून घ्यावे. काही आयुर्वेदिक रसौषधींत शिसे किंवा पारा असतो, म्हणून चालू असलेल्या पुड्याही दाखवाव्यात. आधी चिलेशनचे औषध देऊन मग लघवीतले धातू मोजण्याची जी पद्धत काही ठिकाणी चालते ती ग्राह्य नाही, कारण औषध दिल्यावर निरोगी माणसाच्या लघवीतही धातू वाढतात आणि तुलनेसाठी प्रमाणित आकडेच नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार रक्तात डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आढळले तर ते कोठून येते हे शोधून तो संबंध तोडावा, आणि दहा वर्षांपर्यंतच्या मुलांत ४५ किंवा अधिक असेल तर चिलेशन करावे. मधल्या पातळीत औषधाने आकडा उतरतो, पण फायदा होतोच असे नाही: अमेरिकेत २० ते ४४ पातळीच्या ७८० मुलांवर सक्सिमर हे चिलेशनचे औषध वापरून झालेल्या अभ्यासात शिसे कमी झाले, बुद्धीच्या चाचण्यांत मात्र सुधारणा दिसली नाही. घरात किंवा कारखान्यात शिसे येतच असताना चिलेशन सुरू ठेवणे तर उलट धोक्याचे आहे, कारण काही औषधांनी पोटातून शिसे शोषले जाण्याचे प्रमाण वाढू शकते.

याचा अर्थ चिलेशन वाईट असा नाही. थॅलेसेमियाच्या मुलांना वारंवार रक्त दिल्याने साठणारे लोह डेफेरॉक्सामिन, डेफेरिप्रोन किंवा डेफेरासिरॉक्सने काढले नाही तर हृदय आणि यकृत निकामी होते. शरीरात तांबे साठत जाणाऱ्या विल्सन रोगात ते काढण्यासाठी पेनिसिलामिन १९५६ पासून वापरात आहे. ही औषधे ऐकीव भीतीने बंद करू नयेत. डेफेरिप्रोन घेणाऱ्याला ताप आला तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि पांढऱ्या पेशी मोजाव्यात, कारण त्या धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतात. डायमर्काप्रोल या आणखी एका चिलेशनच्या औषधाचे इंजेक्शन शेंगदाणा तेलात केलेले असते, तेव्हा शेंगदाण्याची ॲलर्जी असल्यास ती आधीच सांगावी, आणि त्या उपचारात लोहाच्या गोळ्या घेऊ नयेत.

हृदयाच्या ब्लॉकेजची गोष्ट वेगळी. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १७०८ रुग्णांच्या अभ्यासात डायसोडियम ईडीटीएच्या संथ, देखरेखीखालच्या सलाईनने थोडा फायदा दिसला होता, विशेषतः मधुमेहींमध्ये. परंतु मधुमेहींवरच नव्याने केलेल्या दुसऱ्या अभ्यासात, २०२४ मध्ये, तो फायदा दिसला नाही. अँजिओप्लास्टी किंवा बायपास टाळण्यासाठी या सलाईनवर विसंबावे असा आधार त्यामुळे उरत नाही, आणि ‘शरीर शुद्ध करण्यासाठी’ तर तो कधीच नव्हता.

कोणी चिलेशन सुचवलेच, तर कोणता धातू, रक्तातली पातळी किती, आणि औषधाचे पूर्ण नाव काय, हे तिन्ही कागदावर लिहून मागावे. सलाईन लावण्यापूर्वी कुपीवर ‘कॅल्शियम’ हा शब्द आहे की नाही हे स्वतः वाचावे आणि नसेल तर का नाही ते विचारावे. मूत्रपिंडाची आणि रक्तातल्या कॅल्शियमची तपासणी उपचाराआधी झाली आहे, आणि उपचार चालू असताना पुन्हा केव्हा होणार आहे, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.